उंबऱ्यावरची शेवंती

१

क्लाइव्ह गेल्यापासून डॉरीन टॅप्सेलचं माणसांशी बोलणं उरलं होतं ते मंगळवारी आणि शुक्रवारी, पावाची गाडी यायची तेव्हा. गाडीचा भोंगा वळणावर वाजायच्या आधीच डॉरीन पिशवी घेऊन दारात उभी असायची आणि पाठ केलेलं वाक्य ओठांवर तयार असायचं. एक लांब पाव, एक गोल पाव, हवा गारठली नाही का आज? बस, एवढंच. पण तेवढ्यासाठी ती आदल्या संध्याकाळपासून तोंडातल्या तोंडात घोकत असायची. इंग्लंड सोडून फ्रान्सच्या या आडगावात येऊन नऊ वर्षं झाली होती आणि ऐकलेलं समजायचं, पण तिची बोलायची फ्रेंच अजून पावापुढे सरकली नव्हती.

आता यात तिचा तरी काय दोष? बोलणं हे क्लाइव्हचं खातं होतं. तो चुकीचं बोलायचा, मोठ्यानं बोलायचा, हातवारे करायचा आणि लोक पोट धरधरून हसत त्याच्या पेल्यात वाइन ओतायचे. डॉरीन शेजारी उभी राहून हसायची. मार्चमध्ये नवरा गेला, आणि त्याच्याबरोबर तिची वाचाही गेली म्हणा ना.

फायॉल नावाची ती वाडी म्हणजे जेमतेम पाच घरं. त्यातली तीन तर वर्षभर बंद, खिडक्यांच्या लाकडी झडपा ओढून घेतलेल्या. चौथं डॉरीनचं. पाचवं रस्त्यापलीकडे ल्युसेत व्हर्न्योचं. ही म्हातारी ऐंशीच्या घरातली, दिसली की मान हलवणार आणि आपल्या कोंबड्यांकडे वळणार. बाकी सगळं रान. ऑक्टोबर सरत आला की धुकं खालच्या ओढ्यातून वर यायचं आणि दुपारपर्यंत अंगणात बसून राहायचं. गेटपाशी लाकूडवाल्याने हिवाळ्याचं सरपण ओतून ठेवलं होतं. ते एकटीने उचलून रचायचं तिच्या जिवावर आलं होतं.

बुधवारी म्हाताऱ्यांना बाजाराला नेणारी मिनीबस तिला गावात घेऊन गेली. दुकानाबाहेर शेवंतीच्या कुंड्यांच्या रांगाच रांगा लागल्या होत्या. पिवळी, पांढरी, तांब्याच्या रंगाची. डॉरीनला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पानगळीच्या दिवसांत दाराशी थोडा रंग हवा, हे तिच्या आईपासूनचं. एरवी या आठवड्यात ती आणि क्लाइव्ह नातवंडांकडे इंग्लंडात, डॉनकास्टरला असायचे, त्यामुळे इथला हा बहर तिने कधी पाहिलाच नव्हता. तिने तांबूस फुलांच्या दोन मोठ्या कुंड्या उचलल्या आणि दाराच्या दोन्ही अंगांना ठेवल्या.

शुक्रवारी पाववाला फाबियेन आला. हा एरवी भारी टवाळ. "काय मादाम, गोठून बर्फ नाही ना झालात अजून?" हे त्याचं नेहमीचं. त्या दिवशी त्याची नजर कुंड्यांवर गेली आणि त्याने गाडीतला रेडिओ बंद केला. डोक्यावरची टोपी काढली. पाव दोन्ही हातांनी तिच्या हातात दिला आणि अगदी हळू म्हणाला, "धीर धरा, मादाम."

क्लाइव्हबद्दल म्हणतोय बिचारा, डॉरीनला वाटलं. सात-आठ महिन्यांनी का होईना, आठवण झाली. घरात येऊन ती पाव छातीशी धरून पोटभर रडली आणि मग तिला बरीच भूक लागली.

२

शनिवारी सकाळी तिने दार उघडलं तर उंबरा ओला.

पाऊस पडला नव्हता. अंगण कोरडं होतं, सरपणाचा ढीग कोरडा होता. ओला होता तो फक्त दाराचा दगडी उंबरा, आणि नुसता ओला नाही, घासलेला. त्या दगडावर काळं शेवाळ होतं, ज्याच्यापुढे क्लाइव्हने तारेच्या ब्रशनिशी हात टेकले होते. ते पार गेलं होतं. खालचा दगड मधासारखा पिवळसर आहे हे तिला नऊ वर्षांत पहिल्यांदा कळलं. हवेत ब्लीचचा वास होता. कुंड्यांना पाणी घातलं होतं, सुकलेली फुलं खुडली होती.

एकच गोष्ट जराशी विचित्र होती. कुठलीही बाई कुंडीची भरगच्च बाजू रस्त्याकडे करून ठेवेल, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून. या कुंड्या फिरवून तोंड आत, घराकडे केलं होतं.

पण असल्या बारीकसारीक गोष्टीत डॉरीनचं लक्ष नव्हतं. कुणीतरी आपल्यासाठी थंडीत गुडघे टेकून दगड घासला, एवढंच तिच्या मनात घोळत होतं. चहा करून तिने मुलीला, गिलियनला, फोन लावला.

"उंबरा धुतला? कुणी?" गिलियन म्हणाली.

"ल्युसेतने असणार. दुसरं आहे कोण इथे?"

"अगं आई, ती बाई ऐंशीची आहे. तिचे गुडघे तुझ्याहून गेलेले."

"इथल्या बायका काटक असतात."

"बरं, असतात. जागेचं काय ठरवलंस? तळमजल्यावरची जागा, माझ्या घरापासून दोन गल्ल्या. तो माणूस येत्या शनिवारपर्यंत थांबेन म्हणालाय, मग देईल दुसऱ्याला. किती दिवस त्याला झुलवू मी?"

"बघते."

"काय बघतेस? तिथे तुझं आहे कोण?"

हा प्रश्न तिला लागला. कारण तो ती स्वतःलाही रोज विचारत होती. हे घर त्या दोघांनी आपल्या हातांनी उभं केलं होतं, प्रत्येक भिंतीचा चुना तिच्या नखांत गेला होता. ते सोडायचं म्हणजे क्लाइव्हला दुसऱ्यांदा पोचवून येणं. पण राहायचं तर कुणासाठी? आपण इथे असावं असं एका तरी माणसाला वाटतं का? एकाला वाटत असेल, तरी ती राहणार होती. आणि आज त्याचा पुरावा दाराशी होता.

"आहेत माणसं," ती म्हणाली. "माझा उंबरा धुतात."

गिलियनने जागेचा विषय सोडून दिला. मग म्हणाली, "आई, जेवतेस ना वेळेवर?"

३

रविवारी सकाळी आवाज आला.

डॉरीन स्वयंपाकघरात किटलीजवळ उभी होती. बाहेर धुकं खिडकीला टेकलेलं. खरर्, खरर्, खरर्. ब्रशचा, दगडावर, सावकाश. मग थांबायचा. बादलीची कडी वाजायची, पाणी सोडल्याचा आवाज यायचा, आणि पुन्हा खरर्. घाई नाही, कंटाळा नाही. वर्षानुवर्षं हेच काम केलेला हात असावा.

दार उघडून बघायचं तिने टाळलं. कुणी गुपचूप आपलं भलं करत असताना त्याला रंगेहाथ पकडायचं, हे तिच्या इंग्रज मनाला फार असभ्य वाटलं. तिने उलट भांडी थोडी वाजवली, म्हणजे बाहेरच्याला कळावं की घरात जाग आहे, आणि संकोच वाटायच्या आधी निघून जाता यावं. ब्रश थांबला नाही. उलट तो भांड्यांच्या आवाजाची वाट बघत असल्यासारखा जरा जवळ आला.

दुपारी तिने मनुका घातलेला केक भाजला आणि फडक्यात गुंडाळून ल्युसेतकडे निघाली. म्हातारी समोरून रस्त्यानेच येत होती, अंगात काळा कोट, हातगाडीत बादली, ब्रश आणि ब्लीचची बाटली. डॉरीनला हसूच फुटलं. मुद्देमालासकट चोर सापडला!

"तुम्ही फार चांगल्या," तिने घोकलेलं वाक्य म्हटलं. "माझा उंबरा. धन्यवाद. केक."

"तुमचा उंबरा?" ल्युसेतने हातगाडी खाली टेकवली. ती बहिऱ्याशी बोलावं तसं एकेक शब्द सुटा करून बोलू लागली. "अहो बाई, मी कब्रस्तानातून येतेय. आज सगळ्या संतांचा सण आहे, आपापल्या मेलेल्यांना फुलं वाहायचा, दिसत नाही का? सगळं गाव तिथे आहे. माझ्या आंद्रेच्या थडग्याचा दगड घासला, फुलं ठेवली, दगडावरचा त्याचा फोटो पुसला. तुमच्या फाटकाच्या आत मी पाऊल टाकलेलं नाही. टाकणारही नाही, ती फुलं तिथे आहेत तोवर."

"फुलं? ती शोभेला."

"शोभेला!" म्हातारीने छातीवर क्रूस काढला. "ही फुलं माणूस निजलेलं असतं तिथे ठेवतात. दाराशी कुणी ठेवतं का? फाबियेन मला विचारत होता, त्या घरात आता कोण गेलं. मी म्हटलं, इंग्रजांचं काय सांगावं बाबा."

डॉरीनचे कान लाल झाले. अरे देवा. म्हणजे तो टोपी काढून उभा राहिला तो यासाठी. सगळ्या गावाने बघितलं असणार, आणि सभ्यपणे तोंड मिटून घेतलं असणार. पण मग एक प्रश्न उरतच होता.

"मग धुतं कोण?"

ल्युसेतने तिच्या खांद्यावरून मागे, घराकडे पाहिलं. "ज्याला सवय आहे, ते," ती म्हणाली आणि हातगाडी उचलली. "काढा ती फुलं. आजच काढा." केक मात्र तिने घेतला नाही.

४

डॉरीनने कुंड्या ओढत ओढत घरामागच्या खताच्या खड्ड्यापर्यंत नेल्या आणि आत लोटून दिल्या. कंबर धरली, श्वास लागला. घरात येऊन तिने दाराला अडसर घातला आणि शेकोटीपाशी बसून सगळ्याचा नीट विचार करायचं ठरवलं.

ल्युसेत खोटं बोलत असेल. काही माणसांना आभार सोसत नाहीत. नाहीतर फाबियेन असेल, पण तो रविवारी येत नाही. नाहीतर ती स्वतःच असेल, झोपेत. गिलियनला तसंच वाटत होतं, हे तिच्या आवाजावरून कळत होतं. डॉरीनने आपले हात नाकाशी नेले. साबणाचा वास, केकच्या लोण्याचा वास. ब्लीचचा नाही. आणि गुडघे टेकून खाली बसली तर धरून उठवायला माणूस लागतं, हे तिचं तिलाच ठाऊक.

तेव्हा तिची नजर शेकोटीवरच्या फळीकडे गेली. तिथे घड्याळ आणि काड्यापेटी यांच्या मधोमध क्लाइव्ह होता. तपकिरी बरणीत. इथे अस्थी घरात ठेवायची परवानगी नसते. नेऊन विसर्जन करते असं तिने दहनगृहातल्या माणसाला सांगितलं होतं आणि सरळ घरी आणून फळीवर ठेवलं होतं. तिच्या आईनेही बाबांना असंच टीव्हीशेजारी ठेवलं होतं, त्यात काय एवढं? रोज ती त्याला गुड मॉर्निंग म्हणायची.

म्हणजे घरात माणूस निजलेलं होतंच की. ज्याने फुलं बघून दगड घासला, त्याचं काही चुकलं नव्हतं. डॉरीनला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर जीव भांड्यात पडला. क्लाइव्हकडे कुणी आलं होतं. त्याच्याकडे माणसं यायचीच.

५

सोमवारी सकाळी कुंड्या दाराशी होत्या. मातीचा कण लागलेला नव्हता. मधे तिसरी कुंडी होती, पांढऱ्या शेवंतीची, आणि तिन्हींची तोंडं आत.

पण हे तिला नंतर दिसलं. आधी दिसली ती आतली फरशी. अडसर होता तसाच होता, आणि आतल्या बाजूने, उंबऱ्यापासून निघून, गुडघे टेकून हात पोचेल एवढ्या रुंदीचा एक स्वच्छ पट्टा बोळातून आत गेला होता. लाल फरशीची नक्षी त्यात नव्यासारखी उजळली होती. दोन्ही बाजूंना तिची स्वतःची सात-आठ महिन्यांची धूळ.

डॉरीन ल्युसेतच्या घराकडे धावत सुटली, पायातल्या सपातांनिशीच. झडपा ओढलेल्या. दाराला कुलूप. सणाला मुलगा येऊन म्हातारीला लिमोझ शहरात घेऊन गेला असणार. खुराड्यात कोंबड्याही नव्हत्या.

परत येताना तिने स्वतःला दटावलं. काय लहान पोरासारखी पळतेस? क्लाइव्हचंच कुणीतरी आहे. फळीपर्यंत जाऊ दे, बरणी पुसू दे, काम संपेल आणि जाईल. दिवसभर ती शेकोटीपाशी बसून राहिली आणि त्या बरणीशी बोलत राहिली. तुझी पाहुणी आहे रे, तू बघ. तिला "पाहुणी" का म्हणावंसं वाटलं, पाहुणा का नाही, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

मंगळवारी ती पिशवी घेऊन लवकरच गेटपाशी जाऊन उभी राहिली. आज पाठ केलेलं वाक्य वेगळं होतं. मला गावात घेऊन चला. गाडी वळणावर आली. भोंगा वाजला नाही. फाबियेनने वेग कमी केला, दाराशी बघितलं, कपाळाला हात नेऊन क्रूस काढला आणि तिच्या समोरून, तिच्या हातातल्या पिशवीसमोरून, गाडी तशीच पुढे नेली. "अहो!" ती ओरडली. "मी आहे इथे!" हे ती इंग्रजीत ओरडली. दुसरी कुठली भाषा त्या क्षणी तोंडात आलीच नाही.

घरात शिरताना तिने पट्टा कुठवर गेलाय ते पाहिलं. आज तो आणखी लांब झाला होता. बोळातून बैठकीच्या दारापर्यंत येऊन तो आत वळेल, शेकोटीकडे जाईल, अशी तिची खात्री होती.

तो वळला नव्हता. बैठकीचं दार त्याने सरळ ओलांडलं होतं. ती आत जाऊन फळीपाशी उभी राहिली. क्लाइव्हच्या बरणीवर धूळ होती, आणि धुळीत तिच्याच बोटाचा जुना ठसा. त्याला कुणी हातही लावला नव्हता. पट्टा पुढे जिन्याला लागला होता. खालच्या पायऱ्या घासून लख्ख झाल्या होत्या, आणि वळणावर, जिथून तिच्या झोपायच्या खोलीचं दार दिसायला लागतं, तिथे काम थांबलं होतं. त्या पायरीचा अर्धा भाग अजून ओला होता.

फुलं क्लाइव्हसाठी नव्हती.

६

"येते मी," तिने फोनवर सांगितलं. "ती जागा घे. पण मला न्यायला ये, गिलियन. ताबडतोब."

"आई! अगं, रडतेस का तू? काय झालं?"

"काही नाही. घर फार मोठं आहे गं."

"आजच निघते मी. बोटीने येते, उद्या संध्याकाळपर्यंत तुझ्या दारात. बॅग भरून ठेव. आणि बाबांना घ्यायला विसरू नकोस."

ती रात्रभर स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून राहिली. बुधवारी उजाडलं तेव्हा कुठेही आवाज नव्हता. उजेडाने तिला धीर आला. तिने बॅग भरली, क्लाइव्हला दोन स्वेटरांत गुंडाळून त्यात ठेवलं, बॅग दाराशी नेली. सरपण रचायचं राहिलंच, असा विचार येऊन तिला उगीच वाईट वाटलं. दुपार कलली. गिलियनने रस्त्यातून फोन केला होता, अजून थोडाच वेळ. घर बंद करून जायचं तर वरच्या झडपा ओढायला हव्या होत्या. उघड्या ठेवल्या तर हिवाळ्यात वारा काचा फोडतो, हे क्लाइव्ह दर वर्षी बजावायचा.

ती वर गेली. वळणावरची ओली पायरी तिने भिंतीला धरून ओलांडली.

एक झडप ओढली, दुसरी ओढली. खोलीत अंधूक झालं, फक्त दारातून जिन्यावरचा करडा उजेड. आणि मग खाली, वळणावर, बादलीची कडी वाजली.

खरर्, खरर्.

जिना एकच होता. डॉरीन पलंगाच्या कडेवर बसली. आवाज एकेक पायरी वर येत होता, सावकाश, मन लावून. पाणी सोडायचा, घासायचा, पुसायचा. तो वरच्या पायरीवर आला तेव्हा तिने पाय वर घेतले, आडवी झाली आणि पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. लहानपणी करायची तसं. डोळे तिने मिटले नाहीत. कपाटाच्या आरशात दाराचा खालचा भाग दिसत होता. तिथे एक हात आला. पाण्याने लाल झालेला, जुना, कोपरापर्यंत बाही दुमडलेली. निळ्या बारीक फुलांचं कापड. त्याने बादली उंबऱ्याच्या आत ठेवली. मग आरशाच्या कडेने तो दिसेनासा झाला आणि ब्रश पलंगाकडे येऊ लागला.

ब्रश थांबला. फडकं पिळल्याचा आवाज आला, बराच वेळ, शेवटचा थेंब पडेपर्यंत.

डॉरीनला ल्युसेतचं बोलणं आठवलं. दगड घासला, फुलं ठेवली, त्याचा फोटो पुसला.

फडकं तिच्या कपाळावर टेकलं. गार होतं, पण बर्फासारखं नाही. ते कपाळावरून खाली आलं, भुवयांवरून फिरलं, नाकाच्या कडेला जिथे चष्म्याचे वण असतात तिथे जरा थांबलं, मग गालावर उतरलं. अगदी हळू. आवडत्या वस्तूवरची धूळ पुसावी तसं. डॉरीनला ओरडायचं होतं, खरंच ओरडायचं होतं. पण मार्चपासून तिच्या चेहऱ्याला कुणी हात लावला नव्हता, आणि हे तिला इतके दिवस कळलंही नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. फडक्याने तेही टिपून घेतलं.

खाली फोन वाजायला लागला. तिच्यासाठी कुणीतरी रस्ता तुडवत येत होतं, आता अगदी जवळ पोचलं होतं. फोन वाजला, वाजत राहिला, आणि थांबला.

डॉरीनने डोळे मिटले आणि उशीवर मान किंचित वळवली, दुसरा गाल पुसायला सोपं जावं म्हणून.